पिंपवाल्याचा उतार

दादाची गोष्ट तळघराच्या पायऱ्यांवर सुरू व्हायची. पाहुण्यांच्या हातात वाईनचे पेले देऊन तो आवाज खाली आणायचा. ओढ्यापलीकडे दुसरा देश. लढाईच्या काळात शत्रू ओढा ओलांडून आला, तेव्हा आजोबा एकटे बंदूक घेऊन मळ्यात उभे राहिले आणि द्राक्षाची एक वेल तुटू दिली नाही, असं तो मीठमसाला लावून सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे.

धाकटी बहीण तिथेच पिंपं धूत असायची. वाईन करायची ती, बोलायचा तो. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिने भाचीला जवळ बसवून खरं काय ते सांगितलं होतं. शत्रू कधी आलाच नव्हता. शेजारी पिंपं बनवणाऱ्याचं घर होतं. सरहद्द नव्याने आखली गेली आणि आपल्याच शिपायांनी त्या कुटुंबाला नेसत्या कपड्यांनिशी ओढ्यापार हाकललं. त्यांच्या उतारावरची द्राक्षं तोडणीला आली होती. आजोबांनी ती तोडली आणि कुंपण सरकवलं. घराण्याची सगळ्यात नावाजलेली वाईन त्याच उताराची.

इतके दिवस ती मूग गिळून होती. पण त्या दिवशी दादाने कुठूनशी विकत आणलेली बंदूक आजोबांची म्हणून भिंतीवर टांगली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ब्रश टाकून ती पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि आत्याने सांगितलेलं सगळं सांगून मोकळी झाली.

 पाहुण्यांतल्या एका बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "त्या उताराची वाईन आहे का शिल्लक?"

त्या दिवशी होती नव्हती तेवढी संपली. दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच गळा दाटून आल्यासारखा ती हकिगत सांगू लागला. पुढच्या आठवड्यात बाटल्यांवर नवीन लेबल आलं: 'परागंदांचा उतार'. तिने जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तूच सांगितलंस ना खरं? आता मी रोज सांगतो."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण तोंड उघडलं ते या माणसाला नवा माल पुरवायला?

ती सरहद्दीवरची चौकी ओलांडून पलीकडे गेली. पिंपवाल्याचा नातू सायकली दुरुस्त करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि तिच्याकडे बघितलंही नाही. "जमीन घेतलीत. आता आमचं रडणंही बाटलीत भरून विकताय?"

 आजोबांकडून आत्याला मिळालेला तो उतार आत्याने तिच्या नावावर केला होता. तो परत घ्या, एवढंच ती म्हणाली. मला वेलींतलं काही कळत नाही, तो म्हणाला. "मी दाखवीन," ती म्हणाली. "माफी मागायला आलेली नाही. मागून काही होणारही नाही."

उतार त्याच्या नावावर करायला कचेऱ्यांमध्ये खेटे घालण्यात तिचं वर्ष गेलं. दादाने तिच्याशी बोलणं टाकलं. छाटणीच्या दिवसांत मात्र नातू कात्री घेऊन उतारावर उभा होता, चुकीच्या फांद्या कापत होता आणि ती दाखवायला गेली की चिडत होता.

तेवढ्यात कुंपणापाशी दादा पाहुणे घेऊन आला. "आणि इथे," तो म्हणाला, "दोन घराणी पुन्हा एकत्र..."

नातू कात्रीसकट फाटकापाशी गेला. "कोण एकत्र? इथे काम चाललंय. पुढे व्हा."

दादाने बहिणीकडे पाहिलं. तिने फाटकाची कडी आतून लावली आणि पुढच्या वेलीकडे वळली. तिचा काप नेमका नव्या कोंबाच्या डोळ्याच्या वर बसला.