कौलावरचा दात

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. पेठच्या पलीकडचा डोंगर, ओढ्याकाठी शाळेचे तंबू आणि ओल्या खडकावर पाय घसरून पडलेली सहावीतली हर्षाली. मोबाइल तेव्हा कोणाच्या खिशात नव्हता आणि नाशिकची एसटी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. हर्षालीच्या तळहातावर तिचा समोरचा दात होता, मुळासकट.

पोरं सावळीराम सरांना बोलवायला धावली. पाय मुरगळो की विंचू चावो, नाशिक रोडच्या त्या शाळेचं सरांवाचून पान हलत नसे. त्यांनी हर्षालीला चूळ भरायला लावली, रुमाल दाबून धरायला दिला. रक्त थांबलं तसे सर खुशीत आले.

"रडतेस काय, वेडाबाई? दुधाचा दात तो. उंदीरमामाला देऊ, नवा आणून देईल."

"सर, दुधाचा नाही. तो पहिलीतच पडला."

रुमालाआडून शब्द धड फुटत नव्हते. पोरं हसली, सरही हसले आणि त्यांनी दात शेजारच्या घराच्या कौलांवर भिरकावला. घरधनी बुधा अंगणात शेळीची धार काढत होता. खडखड ऐकून त्याने वर पाहिलं. दात कौलांच्या फटीत गेला होता.

शिबिरातून परतल्यावर सर स्वतः हर्षालीला आणि तिच्या आईला घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दातांच्या दवाखान्यात गेले.

"कायमचा दात होता हा," डॉक्टर म्हणाले. "हलकेच धुवून तिथल्या तिथे बसवायचा. नाही जमलं तर दुधात ठेवून लगेच निघायचं. वाचलाही असता. कुठे आहे दात?"

"ओढ्यात वाहून गेला," सर म्हणाले.

हर्षालीने त्यांच्याकडे पाहिलं. खाली उतरताना आईने हात जोडले. "तुम्ही होते म्हणून निभावलं, सर." सरांना जिना दिसेना.

त्यानंतर हर्षाली शाळेत येई ती तोंडावर हात ठेवून. हसतानाही हात, प्रार्थनेलाही हात. सर तिच्या वर्गावरून जायचं टाळू लागले.

शनिवारी पोरं मैदानात प्रथमोपचार शिकायला बसली. सरांनी पेटी उघडली आणि पुन्हा मिटली.

"दात पडला तर काय करू नये, ते आधी ऐका. हर्षालीचा दात वाहून गेला नाही. दुधाचा नाही, असं तिने मला सांगितलं होतं. मी हसलो आणि कौलावर फेकला. समोर शेळीचं दूध होतं. तिच्या आईशी खोटं बोललो, ते आज त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे."

कोणी हसलं नाही. सर खाली बघतच पुढचं शिकवू लागले. दात मुळाशी धरायचा नाही, घासायचा नाही, जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवायचा.

मागच्या रांगेत हर्षालीने तोंडावरचा हात काढला आणि वर केला. समोरच्या दातांतली खिंड सगळ्यांना दिसली.

"सर, जवळ दूध नसलं तर?"