मामांचं अर्धं मिनिट

धाकटी राणी एकदाच गेली, पण तिच्या मरणावर माहितीपट मात्र सहा निघाले. पहिल्या पाचांत मामा नव्हते. पोलीस म्हणून ज्यांनी तपास केला तेच नाहीत म्हटल्यावर उरलं कोण, तर राणीची शिंपीण, राणीच्या कुत्र्याचा डॉक्टर आणि त्या सकाळी तळ्याच्या आसपासही नसलेले डझनभर जाणकार. दर वेळी कुणीतरी फोन करायचं. "जे सापडलं ते अहवालात आहे," एवढं बोलून मामा फोन ठेवायचे. मामी म्हणायची, "अहो, बाई गेल्या त्याला एकतीस वर्षं झाली. ह्या लोकांचं रडणं अजून संपत कसं नाही?"

सहाव्यात मामा आले ते भाचीमुळे. मामांच्या एकुलत्या एक बहिणीची ही मुलगी माहितीपटांसाठी आवाज मुद्रित करायची. कामावर तिला सगळे साउंडवाली म्हणत, आणि ते कळल्यापासून मामाही कौतुकाने तेच म्हणू लागले होते. दिग्दर्शकाला नातं समजलं आणि तो हात धुऊन तिच्या मागे लागला. तीही गेली मामांकडे, लाडात येऊन म्हणाली, "तुम्ही मूग गिळून बसता म्हणून लोकांना वाट्टेल ते बोलायला फावतं. एकदाच सांगून टाका ना, मामा. आणि मी असेन की तिथे."

मी असेन की तिथे. ह्या चार शब्दांवर मामांनी संमतीपत्रावर सही केली. वाचूनही पाहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेताना "नीट वाचा, मग करा" असं बजावणारा माणूस, पण भाचीसमोर चष्मा शोधायचाही कंटाळा केला.

प्रकरण थोडक्यात असं होतं. राजवाड्यामागच्या तळ्यावर सकाळी राणी बोटीतून निघाली. धक्क्यावर वादळाचं लाल निशाण लागलेलं होतं, तरी बोट निघाली. मधोमध उलटली. राणी बुडाली, नावाडी वाचला. लोकांना तेव्हापासून वाटत आलं की हा राजवाड्याचा कट. मामांच्या अहवालाप्रमाणे तो अपघात होता, आणि दोष नावाड्याचा. निशाण पाहूनही त्याने बोट काढली. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर दोन वर्षांत तो वारला. पुढे-मागे कुणी नव्हतं.

मुलाखत मामांच्याच बाहेरच्या खोलीत झाली. साउंडवालीने पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून न्हाणीघरात नेऊन ठेवलं आणि फ्रिजचं बटण बंद करताना मामीची बोलणी खाल्ली. "दूध नासलं तर तुझा तो दिग्दर्शक आणून देणार आहे का?" मामा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले आणि तीन तास बोलले. काय बोलले! तारखा, माणसं, धक्क्याच्या पायऱ्या किती, सगळं तोंडपाठ. दिग्दर्शकाने विचारलं, "तुमच्यावर वरून दबाव आला होता का?" मामा हसलेच. म्हणाले, "नाही. एकदाही नाही. आला असता तर मी राजीनामा तोंडावर मारला असता, माझी तशीही कुठे फार बढती व्हायची राहिली होती!" सगळी खोली हसली. हेडफोनमध्ये ते हसू ऐकताना साउंडवालीचा ऊर भरून आला होता.

आणि एक वाक्य मामा जरा ऐटीत बोलले. नावाड्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, "सात प्रश्न विचारले मी त्याला. सातही वेळा तोंडात मिठाची गुळणी. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो, निर्दोष माणूस गप्प बसत नाही."

शेवटी तिचं नेहमीचं काम राहिलं होतं. प्रत्येक मुलाखतीनंतर साउंडवाले त्या खोलीची शांतता अर्धं मिनिट मुद्रित करून घेतात. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि पुढे एडिटरने कुठे वाक्य कापलं तर ती भेग ह्याच शांततेने बुजवतात. साधं लिंपणाचं काम. एकदा एका एडिटरला तिची शांततेची फाइल सापडली नव्हती आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं होतं. तेव्हापासून ती कॅमेराही चालू ठेवायला लावायची, म्हणजे चित्रावरून आवाज सापडतो. त्या दिवशीही म्हणाली, "कॅमेरा चालू राहू दे. मामा, अर्धं मिनिट गप्प बसा हं. खाली बघा, म्हणजे हसू येणार नाही."

मामा शहाण्या मुलासारखे खाली बघत बसले. मांडीवरचा हात एकदा सरकला. कपाळाला आठी पडली. "झालं," असं तिने म्हटल्याबरोबर ते उठले आणि पहिल्यांदा जाऊन फ्रिज चालू केला. अर्धं मिनिट त्यांच्या डोक्यात तोच विचार होता.

माहितीपट लागला त्या रविवारी दुपारी ती मामांकडे जेवायला गेली होती. साउंडवाल्यांना तयार फिल्म कुणी आधी दाखवत नाही. तीही पहिल्यांदाच पाहत होती. मामीने शेजारणीलाही बोलावलं होतं. मामा पडद्यावर आले तेव्हा मामी म्हणाली, "कॉलर बघा, मी सांगितलं होतं तरी वाकडीच."

मग ते वाक्य आलं. निर्दोष माणूस गप्प बसत नाही. त्याच्यामागून दिग्दर्शकाचा आवाज, "तुमच्यावर वरून दबाव आला होता का?"

आणि मामा गप्प. मान खाली. कपाळाला आठी. हात मांडीवरून हळूच सरकतो. मागे कुठलंसं रडकं वाद्य. अकरा सेकंद. मग तळ्याचं काळं पाणी.

साउंडवालीने चित्र ओळखलं. ते तिचं अर्धं मिनिट होतं. शेजारीण घरी काहीतरी विसरल्याचं आठवून उठून गेली. मामीने टीव्ही बंद केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने असं त्यांच्याकडे पाहिलं नसेल.

"मलाही नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"अगं, काय सांगायचं?"

"तेच. जे तिथे सांगता आलं नाही ते."

"मामी, ते उत्तर नाहीच आहे! मीच त्यांना गप्प बसायला लावलं होतं, आवाजासाठी," भाची कळवळून म्हणाली. तिने सगळं समजावून सांगितलं. मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई. पण चेहरा तर त्यांचाच होता ना?"

पुढच्या आठवड्यात मामांचं जिणं मुश्कील झालं. सकाळी फिरायला जाणारे निवृत्त सहकारी त्यांना पाहून विषय बदलू लागले. डॉक्टर रक्तदाब मोजता मोजता कानाशी लागून म्हणाला, "मला तरी सांगा, माझ्यापाशीच राहील." फळवाल्याने तर शाबासकी दिली, "साहेब, शेवटपर्यंत तोंड उघडलं नाहीत, मानलं तुम्हाला." सांगून सांगून मामा थकले. जितकं सांगावं तितकं लोक समजूतदारपणे मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्याला काही उत्तर नसतं.

साउंडवाली एडिटरकडे भांडायला गेली. तो बिचारा गोंधळलाच. त्याने तो चेहरा पाहिला, त्याला तो सोन्यासारखा वाटला, लावला, शांततेचा आहे हे त्याला कळलंही होतं, पण "असा चेहरा वाया कसा घालवायचा?" दिग्दर्शक गोंधळला नाही. "आपण काही खोटं बोललो का? प्रश्न विचारला, माणूस दाखवला. निष्कर्ष लोकांचा. आणि संमतीपत्रात आहे की, हवं ते हवं तिथे लावू शकतो. सही तूच आणलीस ना?" ती म्हणाली, निदान एक खुलासा द्या. तो म्हणाला, "आता कोण बघणार? आपण पुढच्या राजपुत्राचं काम सुरू केलंय. तो घोड्यावरून पडलेला. तू येतेयस ना?"

हात दाखवून अवलक्षण केलं होतं तिने, आणि हात मामांचा होता. रडूनही झालं. मग तिने करायला नको ते केलं. कंपनीच्या मालकीचं मूळ मुद्रण, मामांचं हसू आणि "एकदाही नाही" सकट, स्वतःच्या यंत्रात उतरवून घेतलं. नोकरी गेली तर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मामांकडे पोचली.

मामी स्वयंपाकघरात होती. मामा बाहेरच्या खोलीत त्याच खुर्चीत बसले होते. तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावले. मामांनी स्वतःचं उत्तर दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा थोडे हसलेही.

"हे सगळीकडे टाकते मी. आजच. म्हणजे तरी लोकांना कळेल."

"कळणार नाही," मामा म्हणाले. "लोक म्हणतील, हे मागाहून बनवलं. मीही तेच म्हटलं असतं. मी तो चेहरा वीसेक वेळा पाहिला, साउंडवाली. पोलीस म्हणून पाहिला. असा माणूस माझ्यासमोर बसला असता तर मी त्याला सोडला नसता."

"पण तुम्हाला तर माहितीये तुम्ही काय विचार करत होता!"

"फ्रिजचा," मामा म्हणाले. "तेच तर. मग तो कशाचा विचार करत होता?"

कोण, ते तिला आधी कळलं नाही. मामांनी टेबलाचा खण उघडून एक जुनी वही काढली. नावाड्याच्या जबाबाची स्वतःच्या हाताने लिहिलेली नक्कल होती ती. सात प्रश्न, ठळक अक्षरात. प्रत्येकाखाली तेच दोन शब्द: उत्तर नाही.

"त्याच सकाळी घेतला हा जबाब," मामा म्हणाले. "पाण्यातून काढल्यावर तासाभरात. त्याच्या अंगावर ओले कपडे होते. दात वाजत होते त्याचे. मी टॉवेलही दिला नव्हता, आत्ता आठवलं मला. एकतीस वर्षांत एकदाही आठवलं नाही बघ." त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "ह्यात निशाण आहे, वारा आहे, धक्क्याच्या पायऱ्या आहेत. मी किती वेळ थांबलो, ते कुठे लिहिलेलं नाही."

"मामा, झालं ते झालं."

"तुझं यंत्र चालू कर."

"कशाला?"

"कर म्हणतो ना."

ते स्वतः उठून आत गेले आणि फ्रिजचं बटण बंद करून आले. पंखा बंद केला. घड्याळ मात्र राहू दिलं. खुर्चीत बसले, वही मांडीवर घेतली, हातात पेन्सिल घेतली. तिने यंत्र चालू केलं. त्याच्या पडद्यावर सेकंद सरकू लागले.

मामांनी वाचलं, "निशाण लाल असताना बोट कुणाच्या सांगण्यावरून काढलीस?" आवाज पूर्वीचा, नोकरीतला, ह्या घरात तिने तो कधी ऐकला नव्हता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी रोखून पाहिलं. आणि मग त्यांचा हात आपण होऊन खाली आला, जन्मभराच्या सवयीने, आणि पेन्सिल कागदावर टेकली. उत्तर नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

तिच्या मनात आलं, वीस सांगावं. पंचवीस. कोण तपासणार आहे? पण मामा तिच्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेपुढे भलेभले खोटं बोलू शकले नव्हते.

"चार," ती म्हणाली.

"चार सेकंद."

"मामा, तेव्हा कदाचित जास्त..."

"नाही. हात खोटं बोलत नाही. चारच." त्यांचे ओठ हलले, ते मनातल्या मनात गुणाकार करत होते. "सात चोक अठ्ठावीस. त्याचं सगळं गप्प बसणं धरून तुझं अर्धं मिनिटही भरत नाही गं."

ती खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. नावाडी मेला होता. त्याचं म्हणून जगात कुणी नव्हतं, ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं. दिग्दर्शक घोड्याच्या मागे गेला होता. हे सांगायचं तर कॅमेऱ्यासमोरच सांगावं लागणार, आणि मग लोक म्हणणार, बघा, शेवटी कबूल केलंच की राजवाड्याचा कट होता म्हणून. आणि तसं तर मामांना आजही म्हणायचं नव्हतं. काय झालं ते त्यांना माहीतच नव्हतं. एवढंच कळलं होतं की आपण विचारलं, पण ऐकायला थांबलो नाही.

मामांची मान खाली गेली. कपाळाला आठी पडली. मांडीवरचा हात हळूच सरकला. हुबेहूब तोच चेहरा होता. यंत्र अजून चालू होतं. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"अहो," स्वयंपाकघरातून मामीने हाक मारली, "फ्रिज पुन्हा बंद केलात का? दूध आहे आत."

दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.