पाल नव्हे, मी बोलतेय

मी बोलतेय. हसू नका हं. मला या घरात आणलं ते मी बोलत नाही म्हणून, आणि आज तोंड उघडून बसलेय मीच! पण किती दिवस गप्प राहायचं माणसाने? बरं, माणसाने नाही, हार्ड डिस्कने.

हो, मी एक हार्ड डिस्क आहे. कोपरखैरण्याच्या बोनकोडे गावात, दीपेशच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीत माझं बिऱ्हाड आहे. माझ्या पोटात चकचकीत चकत्या फिरतात, त्यांवर एक बारीक हात सरसर हलतो आणि तुम्ही द्याल ते जपून ठेवतो. फोटो द्या, हिशेब द्या, गाणी द्या, मी नाही म्हणत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली. धुळीचा एक कण आत गेला तर बाळाचं काही खरं नाही, असा त्यांचा धाक. आमच्यात काही धावऱ्या, म्हणजे भरभर फिरणाऱ्या, निघतात, काही सावकाश. मी सावकाश निघाले. मग जहाजातून आले आणि वाशीच्या हरेशभाईंच्या दुकानात कपाटात जाऊन बसले. येणारा जाणारा एकच विचारायचा, "फास्ट आहे का?" आणि माझ्याऐवजी दुसरीला उचलायचा. लग्नाळू मुलीने किती नकार पचवावेत, सांगा तुम्हीच!

आता माझं नशीब कसं उघडलं ते ऐका. हे मला थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं. थोरली म्हणजे माझ्या आधी या पेटीत असलेली जुनी डिस्क. दीपेश हळदी-लग्नांचे व्हिडिओ काढतो, ते सगळे तिच्याच पोटात होते.

या घरात आये आहेत. नाव गोजरा, दीपेशची आजी. पण सगळं घर त्यांना आयेच म्हणतं. आये धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागताना, मांडव घालताना धवले गातात, ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आयेंनी अर्ध्या गावाची लग्नं गाऊन लावली. एकही धवला कागदावर नाही, सगळे तोंडी.

आणि त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, साधी आहे, घाबरू नका, पण काढावी लागेल. "आवाज मात्र आहे तसा राहीलच असं नाही सांगता येत." झालं! दीपेशची बहीण रंजिता, तिचं लग्न ठरलेलं. लहानपणापासून तिचं एकच म्हणणं, माझी हळद आयेच्या आवाजात लागली पाहिजे. ती डॉक्टरांकडून आली आणि भावाला म्हणाली, "दीपेश, ऑपरेशनच्या आधी आयेचे सगळे धवले रेकॉर्ड कर. काय वाट्टेल ते कर."

फोनवर करून पाहिलं. मध्येच कुणाचा तरी कॉल यायचा आणि आये गाणं सोडून त्या माणसाला जेवलास का विचारत बसायच्या. शेवटी दीपेशने कॉम्प्युटरला चांगला माइक लावला. आये गावदेवीच्या फोटोसमोर बसल्या. डोळे मिटून पहिली ओळ उचलली, आणि आमच्या थोरल्या जाऊबाई बोलल्या, "चुक. चुक. चुक."

आयेंनी डोळे उघडले. जमिनीवर बोटाने टकटक केलं. "किष्ना, किष्ना! पाल चुकचुकली. आज नाय गायाचं."

"अगो आये, पाल नाय ती! कॉम्प्युटर हाय," दीपेश म्हणाला.

"मना नको शिकवू. शुभ कामात पाल बोलली तं थांबायचं."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जाऊबाईंचं वय झालेलं, त्या तरी काय करणार? पेटी दुसऱ्या खोलीत न्यावी तर माइकची वायर आखूड, आणि आये देवीसमोरून हलायला तयार नाहीत. ऑपरेशनची तारीख जवळ आली. रंजिता रडकुंडीला आली. "टेन्शन नको घेऊ," दीपेश म्हणाला, "नवीन डिस्क आणू. आवाज न करणारी."

"मी पन येते," आये म्हणाल्या. "घरात नवीन आनायची तं मी बगून आनीन."

तर असा आमच्या दुकानात मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला! रंजिताही बरोबर आली. आये खुर्चीवर बसल्या, नऊवारीचा पदर खोचला आणि हरेशभाईंना पंखा बंद करायला लावला. मग एसी. मग दीपेशला म्हणाल्या, "तू श्वास पन हलू घे."

हरेशभाईंनी एकेकीला वायरी लावून फिरवायला सुरुवात केली. आये कान लावून ऐकायच्या. पहिली धावरी. "ही तं भाताची गिरन!" दुसरी जरा खडखडली. "ही पालीची भयीन. ठेव तिकडं."

मग हरेशभाईंनी एसएसडी काढली. चपटी, नाजूक, नव्या जमान्याची. "माताजी, ये सुनो. एकदम सायलेंट."

आयेंनी कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग हरेशभाईंकडे कळवळून पाहिलं. "भाऊ, ही मेलेली हाय रं."

"मेलेली नाय, माताजी! हिच्यात काय फिरतच नाय, तो आवाज येणार कुठून?"

"जिच्या पोटात काय फिरत नाय, ती माजं गानं पोटात ठेवील कशी?"

रंजिता पदर नसतानाही पदर तोंडाला लावल्यासारखी हसली. दीपेशने कपाळाला हात लावला. खरं सांगू? दीपेशचंच बरोबर होतं. ती पोरगी गुणाची, माझ्याहून चपळ आणि आवाजाचं नाव नाही. पण आयेंना कोण समजावणार!

"एक और है," हरेशभाई म्हणाले आणि त्यांनी मला खाली उतरवलं. "स्लो है, पण शांत." मी जीव मुठीत धरून फिरू लागले. आयेंचा कान माझ्या अंगाला लागला. कानातली जुनी कुडी गार होती. माझी बारीक, एकसुरी गुणगुण आयेंना ऐकू आली. मग हळूच गुणगुणल्या, माझ्याबरोबर.

"ही बोलत नाय, पन हिला सूर हाय," त्या म्हणाल्या. "माजाच सूर. हीच."

"मुलगी पसंत!" हरेशभाई ओरडले, आणि मी लाजून आणखीनच गप्प झाले.

घरी आल्यावर दीपेशने जाऊबाईंचं सगळं सामान माझ्याकडे उतरवायला घेतलं. तेव्हाच त्यांनी मला ही सगळी हकिगत सांगितली, मधूनमधून चुकचुकत. शेवटचा व्हिडिओ माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, "सांभाळ गं बाई." दुसऱ्या दिवशी दीपेशने त्यांना पुन्हा सुरू करायला घेतलं तर त्या उठल्याच नाहीत. दीपेशचा चेहरा पांढरा पडला. आमच्यातली एखादी अशी चुकचुकू लागली की तिचे दिवस भरलेले असतात, हे त्याला ठाऊक असून त्याने कानाआड केलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्याची सगळी कमाई मातीत गेली असती.

"बग," आये म्हणाल्या, "पाल खोटं बोलली का?"

मग तो दिवस आला. उद्या दवाखान्यात जायचं, आज गायचं. खिडक्या बंद, पंखा बंद, सगळे घामाघूम. आयेंनी डोळे मिटले, माझा सूर ऐकला आणि उचललं, "खाडीचं गो पानी भरतीला आलं, नवरीला आमचे तेल गो चढलं..."

चुक. चुक. चुक.

अहो, मी नाही हो! शपथ घेऊन सांगते, मी नाही! पण ओरडावं तर चोर मीच ठरणार. सगळ्यांनी पेटीकडे असं पाहिलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आये थांबल्या. रंजिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता परत काय झालं रे, दीपेश?" दीपेश पेटीवर वाकला. पुन्हा चुकचुक. आणि गावदेवीच्या फोटोमागून एक शेपटी हळूच बाहेर आली.

खरीखुरी पाल!

आता आये उठणार, संपलं. आयेंनी त्या पालीकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं, आणि अशा हसत सुटल्या की खोकला लागला. "देवीच्या मागून बोलली, म्हंजी देवीच बोलली! गा म्हनते. लाव रं तुजा माइक."

त्या दिवशी आये गात राहिल्या. तेलाचे धवले, हळदीचे, मांडवाचे, नवरी निघतानाचे. मी एकेक सूर पोटात घेत गेले. आयुष्यात इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी आयेंना बोलायला बंदी घातली. आता घरात आम्ही दोघी गप्प! आये माझ्या पेटीवर हात ठेवून बसून राहायच्या. पुढे बोलायला लागल्या तर आवाज जाड, घोगरा झालेला. गायचं म्हटलं की त्या मान हलवायच्या. "आता माजं सगलं तिच्या पोटात हाय," पेटीकडे बोट दाखवायच्या. मला फार वाईट वाटायचं.

रंजिताची हळद घरातच, हॉलमध्ये लागली. दीपेशने मला तिथे नेऊन मोठ्या स्पीकरला जोडलं. पाटावर रंजिता, भोवती गावातल्या बाया. दीपेशने बटण दाबलं आणि माझ्या पोटातला आयेंचा आवाज हॉलभर झाला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. आये ऐकत होत्या. एक ओळ, दोन ओळी. मग त्यांनी हात वर केला. "बंद कर."

दीपेश घाबरला. त्याने गाणं थांबवलं. त्या शांततेत माझीच काय ती गुणगुण उरली. आये उठल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या आणि दुकानात लावला होता तसा कान पेटीला लावला. मी सूर सोडला नाही. तुम्हीच सांगा, कशी सोडणार?

आयेंनी सूर धरला. आवाज घोगरा, फाटका, पण जागच्या जागी. "खाडीचं गो पानी..." दुसऱ्या ओळीला बायांनी साथ दिली. रंजिता हळदीच्या तोंडाने हसत होती, रडत होती, आणि हळद गालावरून ओघळत होती.

आता मला या घरात मान आहे. गल्लीतल्या पोरी आयेंकडे धवले शिकायला येतात. आधी माझ्या पेटीला कान लावतात, मग गातात.

तुम्ही मात्र खुशाल एसएसडी घ्या बरं, ती पोरगी खरंच चांगली आहे. माझं मागणं एवढंच: भिंतीवर पाल चुकचुकली तर जमिनीवर टकटक करा आणि सोडून द्या. पण एखाद्या दिवशी मी चुकचुकले, तर मला दुरुस्त करायच्या नादी लागू नका. आधी माझ्या पोटातली आयेंची गाणी दुसरीकडे उतरवून घ्या.