माझ्या उजेडातून बाजूला हो

पणजी एके काळी मूकपटांची नायिका होती. तिच्यावर माहितीपट निघणार म्हटल्यावर मुलाखतीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार? अर्थात मी. तिला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते आणि शाळेतून आल्यावर रोज तिच्याशी बिनआवाजी गप्पा मारते ती मीच. घरातल्या सगळ्यांच्या चहाड्या आम्ही त्यांच्या देखतच करतो.

पण दिग्दर्शकबाईंनी ताईला पाहिलं. "नाक अगदी पणजीचं. हिलाच बसवू या."

महिन्यातून एकदा पणजीच्या खोलीत डोकावणारं ते नाक. आणि मला काम काय, तर कॅमेऱ्यामागे खिडकीचा पडदा धरून ठेवायचा. माझा नुसता जळफळाट झाला.

ताई पावडर थापून बसली आणि किंचाळली, "पणजी, तुला पहिलं काम कसं मिळालं?"

पणजीने तिला निरखलं. "हिची दाढ दुखतेय का?"

ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, एवढंही ताईला ठाऊक नाही. तिने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा फजिती. मला आतून गुदगुल्या होत होत्या. चांगली जिरू दे.

मग पणजी शालीचं टोक चाचपत पुटपुटली, "आता डोळेही गेले वाटतं माझे."

गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या. मी कॅमेऱ्याच्या वरून मान काढली आणि तोच प्रश्न नुसत्या ओठांनी विचारला. पणजीचा चेहरा उजळला. ती जी सुटली, ती थांबेचना.

शेवटी दिग्दर्शकबाईंनी तिच्या एका मूकपटातला गाजलेला प्रसंग लावला. ती दुसऱ्या नटीचे खांदे धरून रडत काही बोलतेय, मग पाटी: 'ताई, मला क्षमा कर.'

मी ओठांनी विचारलं, "खरं काय म्हणत होतीस?"

"माझ्या उजेडातून बाजूला हो, सटवे. मेली सगळा प्रकाश एकटी खायची."

दिग्दर्शकबाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या.

माहितीपट आम्ही घरीच पाहिला. निम्म्या पडद्यावर ताई, नाकासकट. मी कुठेच नाही. पण पडद्यावरची पणजी अख्खा वेळ समोर बघत होती.

"कशी आपल्याशीच बोलतेय," आई म्हणाली.

ताईचं तोंड एवढंसं झालं. "माझ्याकडे एकदाही बघितलं नाही गं तिने."

मी आवाज न काढता, पणजीचंच ते जुनं वाक्य म्हणत ओठ हलवले. ताईला कुठे वाचता येतात.

पलीकडे पणजी मात्र खुदकन हसली.