वादातल्या सरांना हात लावायचा नाही

सिल्वासाच्या आसपास डोंगर आहेत, पण ते गिर्यारोहकांचा विचार करून केलेले नाहीत. कुठूनही चढा, गुरांची वाट लागतेच. आणि ज्या माथ्यावर म्हैस आपल्या आधी येऊन रवंथ करत बसलीय, तिथे झेंडा रोवायला माणसाला लाज वाटते. म्हणून अरविंद सरांनी डोंगरांचा नाद सोडला आणि खडोलीची दगडखाण धरली. कारखान्यांच्या पायासाठी कुणीतरी ती खणली होती, कारखाने उभे राहिल्यावर तशीच टाकून दिली होती, आणि मागे उरली होती एक काळी, उभी भिंत. तिमजली इमारतीएवढी. सरांनी तिचं नाव ठेवलं दक्षिण भिंत. ती खरं तर पश्चिमेला होती. पण मोठ्या शिखरांच्या भिंती दक्षिणच असतात असं सरांच्या वाचनात आलं होतं, आणि दिशेसारख्या फुटकळ गोष्टीवर अडून बसणारे ते नव्हते. पेशाने भूगोलाचे शिक्षक.

मूळचे गुहागरकडचे सर तरुणपणी मुंबईत असताना एका क्लबाबरोबर मुंब्र्याच्या कड्यावर प्रस्तरारोहण शिकले होते. त्याचं प्रमाणपत्र काचेत बसवून घरात देवांच्या तसबिरींच्याही वर टांगलेलं होतं. देवांपेक्षा वर कशाला, असं सरांच्या बायकोने, रजनीवहिनींनी, एकदा विचारलं, तर सर म्हणाले, चढणाऱ्याचं आहे, वरच असणार. वहिनींना धूळ पुसायला स्टूल घ्यावं लागायचं, एवढीच त्यांची तक्रार होती.

तर १९९२ साली शिक्षण खात्यात एक जागा आली. हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स, सिल्वासातून एक शिक्षक जाणार, जाणं-येणं सरकारचं. पुढच्या वर्षी सर वयात बसणार नव्हते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. सरांनी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे नरोलीच्या वाटेवर बारच्या दारात उतरवली जाणारी लादी, तीसुद्धा पोत्यात गुंडाळलेली. दुसरा अर्ज पी.टी.च्या सरांचा होता. त्यांना हिमालय नको होता, रजा हवी होती, आणि सरकारी कामात अशा निष्काम माणसाचा नंबर हटकून लागतो.

खात्याचे गजानन साहेब म्हणाले, आम्ही प्रमाणपत्र बघत नाही, चढून दाखवा. भिंतीच्या माथ्यावर उभे राहिलात की तुमचं नाव. नाही राहिलात तर पी.टी.चं.

यात एकच अडचण होती. ती खात्यात कुणालाच माहीत नव्हती. सर त्या भिंतीच्या माथ्यावर कधीच पोचले नव्हते. वरच्या टप्प्यात खडकाचं एक नाक पुढे आलं होतं. दर खेपेला सर नाकापर्यंत जात, तिथे उभे राहून आकाशाकडे अभ्यासू नजरेने बघत आणि खाली येऊन कारण सांगत. खडक तापलाय. वारा वाकडा आहे. एकदा तर 'आज भिंतीचा मूड नाही' असंही सांगितलं होतं, आणि सरांच्या गिर्यारोहण मंडळाच्या सभासदांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या.

मंडळाचे सभासद म्हणजे संजू आणि ललित. दोघे खानदेशातले, डोकमर्डीच्या एकाच खोलीत राहायचे, पण एकमेकांना जागेपणी फारसे भेटत नसत. संजू मसाटच्या कारखान्यात सूत काढायच्या मशीनवर, ललित खडोलीच्या. शिफ्टा अशा की एक उठला की दुसरा त्याच खाटेवर आडवा होई. कधी दोघं एकदम रिकामे असलेच तर सरांबरोबर खाणीत येत. खालून दोर धरून बसायचं, वरचा पडला तर त्याला झेलायचं, वर सरकला तर ढील सोडायची. याला बिले म्हणतात हे त्यांना सरांनी शिकवलं होतं. बाकी कामाची शिस्त त्यांना कारखान्याने आधीच शिकवलेली होती. घोटाळा झाला तो तिथेच.

ठरलं होतं असं की संजू दुपारी बिलेवर बसेल, सर माथ्यावर पोचतील, मग खडोलीचा तीनचा भोंगा होईल आणि संजू नाक्यावरून टेम्पो पकडून मसाटला दुसऱ्या शिफ्टला जाईल; उशीर झालाच तर पहिली शिफ्ट सुटलेला ललित येऊन दोर धरेल. सगळं नीट जमलं असतं. पण गजानन साहेब जेवायला बसले. साहेब जेवून, वामकुक्षी आटोपून, थर्मास घेऊन खाणीत आले तेव्हा सावल्या कलायला लागल्या होत्या. सर कमरेला दोर बांधून भिंतीशी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या मांडवात मुहूर्त टळलेल्या नवरदेवाची कळा आली होती.

तरी सुरुवात बरी झाली. सरांनी पहिला खिळा ठोकला, त्यात दोर अडकवला, दुसरा ठोकला. साहेब खालून चहा पीत बघत होते. सर नाकाखाली आले. एक पाय बोटभर कंगोऱ्यावर, दुसरा अर्ध्या बोटाच्या, हात दोन खाचांत. इथून नेहमी आकाशाकडे बघायची वेळ असे. त्यांनी बघितलं. वारा सरळ होता. खडक गार होता. भिंतीचा मूड उत्तम दिसत होता. सरांचा डावा पाय मात्र शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला.

आणि भोंगा झाला.

भोंग्याचा कामगारावर काय परिणाम होतो हे शाळेतल्या माणसाला कळायचं नाही. शाळेत घंटा झाली की मुलं पळतात. कारखान्यात भोंगा झाला की कुणी पळत नाही. आपली मशीन बदलीवाल्याच्या ताब्यात द्यायची, तिची तब्येत त्याला सांगायची, त्याने ऐकून, बघून, 'घेतला चार्ज' म्हणायचं, मगच जागा सोडायची. त्या तीन शब्दांच्या आधी जे बिघडेल ते जुन्याच्या माथी, नंतर बिघडेल ते नव्याच्या. ललितने गेल्या दिवाळीत एकदा झोपेत बिघडलेल्या मशीनचा चार्ज घेतला होता. सुपरवायझरने त्याला आठवडाभर गेटवर सगळ्यांच्या देखत उभा केला होता. तेव्हापासून तो खोलीतला स्टोव्हसुद्धा तपासल्याशिवाय संजूकडून घेत नसे.

तर शिफ्ट संपवून ललित केसांतल्या सुताच्या तंतूंसकट धावत खाणीत आला. संजूने दोर दोन्ही मुठींत आवळून घट्ट केला, कारण चार्ज देताना मशीन थांबवायची असते.

"घे भो," तो म्हणाला. "चार्ज घे."

"कंडिशन सांग."

"दोन खिळे झाले. तिसरा बाकी. अर्धा तास झाला चालू आहे."

"आवाज?"

"मधी मधी करतो. आई गं, असा. नाकाखाली आला की जास्ती करतो."

"व्हायब्रेशन?"

संजूने मान वर करून सरांना नीट न्याहाळलं. "डाव्या पायात आहे. पन ते जुनं आहे. सर्वांना माहीत आहे."

सर हे सगळं वरून ऐकत होते. दगडखाणीत आवाज फार छान चढतो. डाव्या पायाचं सर्वांना माहीत आहे, ही बातमी त्यांना त्या जागी नको होती. त्यांनी अत्यंत संयमाने सांगितलं की संजू, दोर ओढलेला आहे, मला हलता येत नाही, थोडी ढील दे.

"चार्ज चालू आहे सर," संजू म्हणाला. "दोन मिनिटं थांबा."

ललित दोन पावलं मागे गेला, डोळ्यांवर आडवा हात धरून त्याने सरांची खालून वर तपासणी केली, आणि मान हलवली. असा हलणारा नग आपण ताब्यात घेणार नाही, त्याने जाहीर केलं. आधी थरथर बंद करून दे. संजूचं म्हणणं पडलं की माझ्या शिफ्टला असाच चालला, तरी दोन खिळ्यांचं काम काढून दिलं की नाही. ललित म्हणाला की मसाटवाल्यांची खोडच ही, बिघडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि टेम्पोत बसायचं. यावर संजूने खडोलीच्या कारखान्यातल्या सुताबद्दल एक मत दिलं, त्या सुताची कुणी लंगोटी विणली तर काय होईल याबद्दल. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण गजानन साहेबांनी ते ऐकून चहाचा घोट मध्येच थांबवला.

सर वरून ओरडले, "मेल्यांनो, मी पडतोय."

"बघ," ललित म्हणाला. "आवाज पन वाढला."

आता कारखान्यात अशा तंट्याला एक कायदा आहे, आणि तो दोन्ही कारखान्यांत सारखा आहे. चार्जवरून वाद झाला तर मशीनला कुणीच हात लावायचा नाही. दोघांनी बाजूला उभं राहायचं आणि सुपरवायझरला बोलवायचं. हात लावला तो अडकला. संजू हा कायदा मोडणाऱ्यांतला नव्हता. त्याने दोर अलगद, सुताची भरलेली रीळ ठेवावी तसा, एका स्वच्छ दगडावर ठेवला. दोघेही मागे सरले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले.

मग दोघांनी मिळून साहेबांकडे पाहिलं. तिथे बूट घातलेले ते एकटेच होते.

संजूने अदबीने सांगितलं, "साहेब, वादात गेलं आहे. तुम्ही सांगा चार्ज कोनाचा."

गजानन साहेबांनी सरांकडे पाहिलं, दगडावरच्या दोराकडे पाहिलं आणि बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीचं सगळं पुण्य पणाला लावून विचार केला. "मी शिक्षण खात्याचा," ते म्हणाले. "दोर माझ्याकडे येत नाही."

सरांनी मान वाकडी करून खाली पाहिलं. दोर दगडावर. त्याच्या एका बाजूला संजू, दुसऱ्या बाजूला ललित, हात मागे. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांइतके गुणी. इतकी शिस्त सरांनी वर्गात कधी पाहिली नव्हती.

उतरायला दोर धरणारा हवा होता. थांबायला पाय हवा होता. दोन्हींपैकी काहीच शिल्लक नव्हतं. कारण सांगायला खाली यावं लागतं, त्यामुळे कारणही निरुपयोगी झालं होतं. आजवर सरांना नाकाखाली उभं राहून निवड करायची सवय होती, वर की खाली, आणि निवड असली की माणूस खालीच येतो. आज ती नव्हती. सर वर निघाले.

पुढे जे झालं त्याला गिर्यारोहणाच्या शास्त्रात नाव नाही. सरांनी गुडघा लावला, जो लावायचा नसतो. हनुवटी लावली. एका खाचेत कोपर कोंबलं आणि त्याच्यावर भार टाकून कोकणातल्या एका देवाला हाक मारली, मग त्याच्या शेजारच्याला. संजू पुढे सांगायचा की सरांनी वरच्या कडेचं गवत दातात धरलं होतं. ललित म्हणायचा दातात नाही, नुसतं तोंडात. मोकळा सुटलेला दोर त्यांच्या मागून दगडावरून आपोआप उलगडत वर निघाला, आणि हात न लावता चाललेल्या त्या कामाकडे दोघेही कौतुकाने बघत राहिले. मग सरांचं वरचं अर्धं शरीर दिसेनासं झालं. थोडा वेळ चपला हलल्या. मग चपलाही गेल्या.

माथ्यावर सर पोटावर पडले होते. समोर कारखान्यांची पत्र्याची छपरं, त्यांच्यावर ऊन, आणि लांब दमणगंगेचा पट्टा. बघण्यासारखं फारसं नव्हतं. सर ते डोळे फाडून बघत होते. डावा पाय थडथडत नव्हता. त्यांनी तो हलवून पाहिला, आहे ना म्हणून. इतकी वर्षं खडकाला, वाऱ्याला, भिंतीच्या मूडला दोष दिला होता, आणि ती सगळी बिचारी गप्प राहिली होती. हे कुणाला सांगायचं नाही, असं सरांनी तिथल्या तिथे ठरवलं.

खालून गजानन साहेबांचा आवाज आला. साहेब आता हातातला कप ठेवून उभे राहिले होते, आणि त्यांना एक गोष्ट अधिकृतपणे हवी होती. चढाईच्या वेळी दोर कुणाच्या ताब्यात होता? कुणाच्याच नसेल तर हे सुरक्षेच्या नियमात बसत नव्हतं, आणि मग नाइलाजाने पी.टी.चे सर.

संजूने दोर सोडला होता. ललितने घेतला नव्हता. दोघेही खोटं बोलायला तयार होते, पण खोट्याचा चार्ज कुणी घ्यायचा हे ठरत नव्हतं.

सर उठून बसले. कडेला येऊन त्यांनी खाली पाहिलं आणि कमरेच्या गाठीवर हात ठेवला.

"एक टोक पूर्ण वेळ माझ्या ताब्यात होतं, साहेब."

साहेबांनी यावर बराच विचार केला. सरकारात बहुतेक कामांत तेवढंही कुणाच्या ताब्यात नसतं, असं ते शेवटी म्हणाले. मग थर्मासचं झाकण लावत त्यांनी सांगितलं की जा तुम्ही हिमालयात, मी नाव पाठवतो. फक्त या दोघांना बरोबर नेऊ नका.

ललितला ते लागलं. संजूला लागायला वेळ नव्हता, तो नाक्याकडे धावत सुटला होता आणि त्याचा टेम्पो केव्हाच गेला होता. एकट्या राहिलेल्या ललितने वर पाहिलं. सर शांत बसले होते. थरथर नाही, आवाज नाही. त्याचं समाधान झालं. तो दगडाशी गेला, दोर उचलला, मनगटाला वेढे दिले.

"घेतला चार्ज, सर," तो म्हणाला, आणि ढील काढायला म्हणून त्याने एक सणसणीत हिसडा दिला.

सर बसल्या जागेवरून वीतभर कडेकडे सरकले. त्यांनी दोन्ही टाचा मातीत रोवल्या, घाईघाईने गाठ सोडली, आणि अख्खा दोर खाली ललितच्या अंगावर टाकून दिला. मग धोतराला नव्हे तर पँटला लागलेली माती झटकत, कारण धोतर त्यांनी उभ्या जन्मात नेसलं नव्हतं पण त्या क्षणी काय नेसलंय हेही त्यांना आठवत नव्हतं, ते मागच्या डंपरच्या रस्त्याने एकटेच घराकडे चालू लागले. वाटेत बाजारातून लोकरीची कानटोपी घ्यायची होती.