आबांचा शर्ट

भाचीला आम्ही भिंगरी म्हणायचो. पाय ठरायचे नाहीत आणि तोंड तर त्याहून नाही. दुपारच्या झोपेला मात्र एकच हट्ट. आबांचा आदल्या दिवशीचा कामावरचा शर्ट अंगावर हवा. धुतलेला दिला की हुंगायची आणि फेकायची.

"आजोबांचा वास लागतो बाईसाहेबांना," ताई म्हणायची.

आबा, म्हणजे माझे वडील, खूश. "मला विचारतं कोण. माझ्या शर्टाला मान आहे."

आबा जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवतात. माणूस नेटका. हात कोपरापर्यंत साबणाने धुतल्याशिवाय कधी घरी आले नाहीत.

मग भिंगरीचं पोट दुखायला लागलं. बोलताना अडायला लागली. पाणी हवं असलं की नुसती माठाकडे बोट दाखवायची. ताईला वाटलं, नाटकं करते. एक धपाटाही घातला.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. रक्तात शिसं.

"घरात शिशाचं काम कोण करतं?"

"मी," आबा म्हणाले. "पण हात धुतो. साबणाने."

"आणि कपडे?"

 ताई हळूच म्हणाली, "त्यांचा कामावरचा शर्टच तर पांघरते ती. बाही चोखत झोपते."

बाई म्हणाल्या, रक्तातलं शिसं औषधाने कमी करू. पण डोक्याचं जे गेलंय ते परत येईल असं नाही सांगू शकत. शर्ट जाळू नका, कचऱ्यातही टाकू नका.

मग टाकायचा कुठे, ते आम्हाला कळेना. आईने तो पिशवीत घट्ट बांधून दाराबाहेर खुंटीला लावला.

आबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. कोरा शर्ट घालून सकाळपासून अंगणात उन्हात बसले. आई म्हणाली, "अहो, सावलीत या, चक्कर येईल."

"घाम येऊ दे," आबा म्हणाले. "माझा वास लागू दे त्याला."

दुपारी भिंगरी रडायला लागली तेव्हा त्यांनी तो ओला शर्ट काढून तिच्या अंगावर घातला. "घे बाळा. आजोबांचा आहे."

तिने बाही नाकाशी धरली. हुंगली. आणि ढकलून दिली.

आबा तसेच उघडे बसून राहिले. ती दाराकडे बघत होती. शब्द काही येईना. मग तिने बोट दाखवलं, खुंटीवरच्या पिशवीकडे.