बंपरवरचा नारळ

तासगावच्या नानासो खरातांचा नवाकोरा डिझेल ट्रक बेदाणा घेऊन पुण्याला निघाला आणि साताऱ्यापुढं खंबाटकी घाटात बंद पडला. तो ओढून सांगलीच्या शोरूममध्ये आणला, तर मॅनेजर सम्मेद चौगुलेंनी वॉरंटी नाकारली.

"बंपरमागच्या सेन्सरमध्ये नारळपाणी गेलंय. चूक ग्राहकाची, खर्चही ग्राहकाचा."

"आवं सायेब, पर नारळ फोडला कुणी?" नानासोंनी चौगुलेंच्या डोक्यामागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं फोटो होता : हार घातलेला हाच ट्रक आणि बंपरवर नारळ आपटणारे खुद्द चौगुले.

चौगुलेंनी वळून फोटो बराच वेळ पाहिला. त्यात ते चांगले दिसत होते.

संध्याकाळी सेन्सर वॉरंटीत बदलून मिळाला. नानासो निघताना चौगुले सवयीनं नारळ घेऊन धावत आले.

"फोडू नगा," नानासो म्हणाले. "तसाच द्या. चटणी करतो."